‘माझी नोंद’ची पानं कोरी का राहिली?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात पाचवी ते आठवीतलं पोरगं आहे त्यांनी मात्र चहा घेऊन बसावं आणि शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

दिवाळीची साफसफाई चालू होती तेव्हा मी गल्लीतल्या मुलांना सांगितलं, गेल्या दोन वर्षांची शाळेची पुस्तकं रद्दीत घालू नका, माझ्याकडे आणून टाका. पोरांना वाटलं काका रद्दीचा धंदा काढतायत. मला ती पुस्तकं पाहायची होती ती एकाच कारणासाठी. तुम्हाला आठवत असेल, मार्च २०२३ मध्ये सरकारने निर्णय काढला की आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायची. पुस्तक चार भागांत, प्रत्येक धड्यामागे कोरं पान, आणि त्या पानावर वर छापलेलं ‘माझी नोंद’. दप्तराचं ओझं कमी व्हावं, ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांची सोय व्हावी, आणि वर्गात ऐकलेलं मुलांनी तिथल्या तिथे टिपून ठेवावं, असा तो विचार. कागदावर वाईट काहीच नव्हतं. दोन वर्षं हे चाललं आणि जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला. कारण काय, तर पानांचा हवा तसा वापर होत नाही आणि मुलं वेगळ्या वह्या आणतातच.

माझ्याकडे तीसेक पुस्तकं जमली. रात्री जेवण झाल्यावर एकेक चाळत बसलो. बहुतेक ‘माझी नोंद’ कोरी. काही पानांवर फुली-गोळा. काही ठिकाणी बाईंनी सांगितलेली स्वाध्यायाची उत्तरं जशीच्या तशी, खाली लाल सही. एका पोरीने प्रत्येक पानावर स्वतःचं नाव वेगवेगळ्या वळणात लिहून पाहिलं होतं. आणि एका पठ्ठ्याने सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चार पानं भरून गल्लीतल्या मॅचचा स्कोअर ठेवला होता. खेळाडूंच्या नावांची एकेक अक्षरं, चौकाराला गोल, विकेटला फुली, वादग्रस्त आऊटला प्रश्नचिन्ह, आणि शेवटी एक ओळ: ‘पुढच्या वेळी आ.ला आधी बॉलिंग देणे नाही.’

आख्ख्या ढिगाऱ्यात खरी नोंद एवढीच होती, हे मी गमतीने म्हणत नाही. त्या पोराने जे घडलं त्यातलं महत्त्वाचं निवडलं, स्वतःच्या खुणा तयार केल्या, शंका होती तिथे शंका लिहिली आणि शेवटी निष्कर्ष काढला. हेच पोरगं शाळेच्या वहीत मात्र ‘प्रश्न’, ‘उत्तर’, ‘प्रश्न’, ‘उत्तर’ असं फळ्यावरून उतरवतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं ओ की ठो येत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. पानं वाया गेली म्हणून सरकारने ती काढून घेतली. पण ती वाया का गेली, हे कुणी विचारलंच नाही. कोरं पान दिलं, वर ‘माझी नोंद’ छापलं, पण नोंद कशी करायची हे सहावी-सातवीच्या मुलाला कधी कुठल्या तासाला शिकवलं? पोहायला न शिकवता विहीर खणून दिली आणि कुणी उतरत नाही म्हणून बुजवून टाकली.

मी पेशाने शिक्षक नाही, हे आपल्या बार्शीत माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षं आडतीवर हिशेब लिहिण्यात गेली. संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला लागलो ते एका पोरीमुळे. दहावीला नव्वदच्या वर मार्क, पेढे वाटले, सोलापूरला अकरावी सायन्सला प्रवेश. ऑक्टोबरात घरी आली ती रडत. म्हणाली, “काका, सर बोलत जातात आणि मला लिहूनच घेता येत नाही. सगळं लिहायला गेले तर मागे पडते, नाही लिहिलं तर विसरते.” तोपर्यंत तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स घेऊन ती अभ्यास करत होती. दहा वर्षं पोरगी शाळेत गेली, हजारो पानं लिहिली, आणि तिला ऐकता ऐकता लिहिता येत नव्हतं. कारण त्या दहा वर्षांत तिने लिहिलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणीतरी आधी ठरवलेलं होतं. फळा, गाईड, नाहीतर क्लासच्या छापील नोट्स.

ज्यांच्या घरात शिकलेले आईवडील आहेत त्यांची मुलं हे कुठूनतरी उचलतात. ज्यांच्या घरी नाहीत ती अकरावीत गळपटतात आणि आपण म्हणतो, ‘दहावीचे मार्क फुगवलेले होते.’

म्हणून मी ठरवलं, दहावीच्या मुलांच्या नादी लागायचं नाही. सहावी, सातवी, आठवी. या वयात मुलाला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं यातला फरक कळायला लागलेला असतो आणि परीक्षेची भीती अजून मानगुटीवर बसलेली नसते.

पहिला महिना फसला, तेही सांगतो. मी म्हणालो, मी दहा मिनिटं बोलतो, तुम्ही तुम्हाला वाटेल ते टिपा. लगेच प्रश्न सुरू. “काका, शीर्षक लाल पेनाने का काळ्या?” “समास सोडायचा का?” “किती ओळी लिहायच्या?” एक पोरगी तर पेन हातात घेऊन नुसती बसली. विचारलं तर म्हणाली, “तुम्ही सांगा ना काय लिहायचं. चुकलं तर?” त्या ‘चुकलं तर’ मध्ये सगळं आलं. नोंद करणं म्हणजे हे घेतो, ते सोडतो असा निर्णय घेणं. आणि आपण मुलांना सोडण्याची परवानगीच दिलेली नाही. वही पूर्ण पाहिजे, ओळ चुकली तर पुन्हा लिही, अक्षर खराब तर पान फाड.

मग मला आडतीवरची गोष्ट आठवली. जुन्या पिढीतल्या व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. दिवसभर माल येतो, गाड्या लागतात, पट्ट्या होतात, तेव्हा जे घडेल ते रोजकीर्दीत घडेल त्या क्रमाने टाकायचं. तिथे विचार करायला वेळ नसतो. मग निवांत बसून त्याच नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या. शेतकऱ्याचं खातं वेगळं, खरेदीदाराचं वेगळं, हमालीचं वेगळं. कुणी नुसती रोजकीर्द ठेवली आणि खतावणी केलीच नाही, तर महिन्याने विचारा त्याला अमक्याकडे किती येणं आहे, त्याला सांगता यायचं नाही. सगळं लिहिलेलं आहे, पण सापडत नाही. आपल्या मुलांच्या वह्या अशाच आहेत. शंभर पानांची रोजकीर्द, खतावणी शून्य.

दुसरं उदाहरण त्यांच्या आयांकडून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. आई रोज ‘आज एक लिटर दूध घेतले’ असं वाक्य लिहिते का? नाही. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या दिवशी खाडा मांडते. तीस दिवसांतले दोन खाडे लिहिले की महिन्याचा हिशेब होतो. हे सांगितल्यावर पोरांच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. जे नेहमीचं आहे ते लिहायचं नाही, जे वेगळं आहे ते लिहायचं.

मग पद्धत बसत गेली. पान उभं धरून डाव्या बाजूला तीन बोटं जागा सोडून घडी घालायची. उजवीकडे बोलणं चालू असताना टिपायचं, तुटक, बाण, खुणा, काहीही. घरी गेल्यावर त्याच दिवशी डाव्या बाजूला त्या मुद्द्यांवरून स्वतःचे प्रश्न लिहायचे. खाली दोन ओळींत सगळ्याचा गाभा. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचे प्रश्न वाचून तोंडी उत्तरं द्यायची. ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि ती तिथे शाळांतूनही शिकवतात. मला ती आवडली कारण ती म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी एकाच पानावर. शिवाय वेगळा खर्च नाही. आपल्या वहीला समास असतोच, तो फक्त रुंद करायचा.

खरी गंमत आली ती आठवीच्या इतिहासात. सविनय कायदेभंगाचा धडा. शाळेत त्याची सहा प्रश्नोत्तरं लिहून झाली होती. मी म्हणालो वह्या बंद करा, मी गोष्ट सांगतो. १२ मार्च १९३०ला गांधीजी साबरमतीहून अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांना घेऊन निघाले, पायी जवळजवळ ३८५ किलोमीटर चालले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलून कायदा मोडला. मग धारासना. मग महाराष्ट्रात जिथे समुद्र नाही तिथे लोकांनी जंगलाचे कायदे मोडले, बिळाशी, चिरनेर, पुसद. आणि मग आपलं सोलापूर. मे १९३०मध्ये गोळीबार, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ला चौघांना फाशी: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. सोलापूरचा चार पुतळ्यांचा चौक मुलांनी पाहिलेला होता. ते चौघं कोण हे बहुतेकांना माहीत नव्हतं. पुस्तकात नावं आहेत, वहीत उतरवलेली आहेत, तरी चौकातले चार पुतळे आणि वहीतली चार नावं एकमेकांना भेटलेलीच नव्हती.

सांगून झाल्यावर म्हणालो, आता लिहा. पेन न घेता बसलेली ती पोरगी, तिने लिहिलेलं पान माझ्याकडे आहे. उजव्या बाजूला असं:

मीठ. सगळ्यांना लागतं, गरिबाला पण → म्हणून मीठ निवडलं
१२ मार्च ते ६ एप्रिल १९३०, चालत
समुद्र नाही → जंगल (कायदा मोडणं महत्त्वाचं, मीठ नाही)
सोलापूर ४ फाशी. हिंदू + मुसलमान एकत्र
धारासना → ???

आणि डाव्या बाजूला घरी जाऊन लिहिलेले प्रश्न: ‘मीठच का?’, ‘चौकातले चार कोण?’, ‘धारासनाला नक्की काय झालं ते काकांना विचारणे.’

कंसातलं ते वाक्य पुन्हा वाचा. ‘कायदा मोडणं महत्त्वाचं, मीठ नाही.’ हे मी सांगितलं नव्हतं. पुस्तकातही या शब्दांत नाही. ते तिचं आहे. आणि ती तीन प्रश्नचिन्हं मला त्याहून जास्त आवडली. आपल्याला काय कळलं नाही हे जिला लिहिता आलं, ती पोरगी अर्धी शिकली. (दुसऱ्या दिवशी आली ती धारासना विचारतच आली. सरोजिनी नायडूंचं नाव सांगितलं, मार खाणाऱ्या रांगांचं सांगितलं, तेव्हा तिने प्रश्नचिन्हं खोडली.)

पण पंधरा दिवसांनी तिची आई आली. जरा नाराज होती. म्हणाली, “काका, रागावू नका, पण पोरगी तुमच्याकडे रोज तासभर येऊन करते काय? वहीत अर्धं पान पण भरलेलं नसतं.” मी म्हणालो, “ताई, बसा. तिलाच विचारू.” पोरीने उजवी बाजू हाताने झाकली आणि डावीकडचे प्रश्न बघत पाच-सात मिनिटं सलग बोलली. मीठ, जंगल, सोलापूर, सगळं. आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे चांगलंय हो. पण शाळेत असलं लिहिलेलं चालंल का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण चालत नाही. दुसऱ्या एका मुलाने हौसेने शाळेच्या वहीत डाव्या बाजूला प्रश्न लिहिले, तर वही परत आली ती ‘समासात लिहू नये’ असा लाल शेरा घेऊन. पान पुन्हा लिहून आणायला लागलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तो शेरा कुठल्याही शाळेत मिळाला असता.

आणि इथे शिक्षकांवर खापर फोडणारे जे कमेंटमध्ये येतील त्यांना आधीच हात जोडतो. माझे दोन मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. एकाचं म्हणणं ऐका: “तपासणीला कुणी आलं की पहिली वही मागतात. पूर्ण आहे का, तपासलेली आहे का, अक्षर कसं आहे. मुलाला काय कळलं हे वहीतून बघायला कुणाकडे वेळ नाही. मी पोराला तुझ्या शब्दांत लिही म्हणालो तर पन्नास मुलांच्या पन्नास वेगळ्या वह्या तपासायच्या. वर मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड.” बरोबर आहे त्याचं. एकसारखी उत्तरं पटापट तपासता येतात, आणि परीक्षेतही पुस्तकातलं वाक्य लिहिलं की मार्क नक्की मिळतात. मग कोण शहाणा वेगळी वाट धरेल?

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडून येतो. आता फोन आहे, फळ्याचा फोटो काढता येतो, ग्रुपवर पीडीएफ येते, प्रश्न टाकला की मशीन सारांश काढून देतं, हाताने लिहायची कटकट कशाला? यावर लोक एक अभ्यास तोंडावर फेकतात. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या दोघांनी अमेरिकेत केलेला. लॅपटॉपवर टिपणाऱ्यांनी जास्त लिहिलं पण बोललेलं जसंच्या तसं, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे होते. पण तोच प्रयोग पुढे इतरांनी पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. त्यामुळे पेन की कीबोर्ड या भांडणात मला पडायचं नाही. माझा मुद्दा साधा आहे. जसंच्या तसं उतरवणं मग ते पेनाने असो, बोटाने असो की कॅमेऱ्याने, त्यात पोराचं डोकं मधे येतच नाही. फोटो काढलेला फळा ही आणखी एक रोजकीर्द झाली. आणि मशीनने काढून दिलेला सारांश म्हणजे दुसऱ्याने केलेली खतावणी. आयुष्यभर दुसऱ्याच्या खतावणीवर धंदा करणाऱ्यांचं काय होतं ते मी आडतीवर पाहिलंय.

मग करायचं काय? मोठ्या योजनेची गरज नाही, खरंच नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना एकदम कोरं पान देऊ नये, ते घाबरतात. त्यांना अर्धवट टिपण द्यावं: मथळे दिलेले, मधे रिकाम्या जागा, बाण काढलेले. शिक्षक शिकवत जातील तशी मुलं भरत जातील. दोन महिन्यांनी मथळेही त्यांचे त्यांनी काढायचे. सातवीला अर्धं पान, आठवीला पूर्ण. एका विषयापुरतं केलं तरी चालेल, परिसर किंवा इतिहास. आठवड्यातला एक तास, तोही पहिल्या सत्रात.

आणि एक वही अशी असावी जी तपासली जाणार नाही. लाल शाई नाही, अक्षराचे मार्क नाहीत, पूर्ण-अपूर्ण नाही. शिक्षकांनी ती बघायची ती एवढ्याचसाठी, की पोराने कुठे प्रश्नचिन्ह काढलंय. शिक्षकाचं काम यात वाढत नाही, कमी होतं. पन्नास वह्यांत वीस प्रश्नचिन्हं एकाच ठिकाणी दिसली की उद्या काय पुन्हा शिकवायचं ते आपोआप कळतं. हे करायला शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. मुख्याध्यापकांनी ठरवलं तर उद्यापासून होतं. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी कितीतरी पालक आहेत. तिथे रंगरंगोटी, पाण्याची टाकी, स्नेहसंमेलन यावर बोलतो तसं यावरही पाच मिनिटं बोलता येईल.

घरी मात्र एक करा. संध्याकाळी पोराला ‘वही पूर्ण झाली का?’ विचारू नका. ‘आज काय लिहायचं सोडलंस?’ असं विचारून बघा. पहिले काही दिवस ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल.

ती अकरावीतली पोरगी आता बारावीत आहे. रविवारी येते आणि माझ्या सहावीच्या मुलांना घडी घालून समास कसा करायचा ते दाखवते. स्वतःच्या केमिस्ट्रीच्या वह्याही घेऊन येते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण डाव्या बाजूला भरपूर प्रश्न असतात, एवढं दिसतं.

कामाचं सांगायचं राहिलं. सोमवारपासून सहावीची नवी मुलं येतायत, सध्या चौदा नावं आली आहेत. कोऱ्या वह्या मला नकोत. पण ऑफिसात, दुकानात, प्रेसमध्ये पाठकोरे कागद पडलेले असतील तर संध्याकाळी सातच्या आत घरी आणून द्या. आणि ‘माझी नोंद’वाली जुनी पुस्तकं कुणाच्या माळ्यावर अजून असतील तर तीही द्या. त्यातली कोरी पानं कामाला येतील.